हेलिकॉप्टर सफरीत कॅमेरा: काय न्यायचं, काय बांधायचं, काय खालीच ठेवायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: वीस-पंचवीस मिनिटांची हेलिकॉप्टर सफर ठरली आहे. जवळ दोन कॅमेरा बॉडी, चार लेन्स, ट्रायपॉड, एक ॲक्शन कॅमेरा आणि हे सगळं मावेल अशी पाठीवरची बॅग आहे. यातलं काय न्यावं, कसं न्यावं आणि सेटिंग काय ठेवावं?

आधी सरळ उत्तर. एक बॉडी, तिच्यावर एक झूम (फुल फ्रेम, म्हणजे ३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरचा कॅमेरा असेल तर २४–७० किंवा २४–१०५ मिमी), भरलेली बॅटरी, रिकामं कार्ड, एक मजबूत पट्टा आणि चेन असलेल्या खिशात एक मऊ कापड. दुसरी बॉडी न्यायला परवानगी असेल तर तिच्यावर ७०–२००. ट्रायपॉड, बॅग, सेल्फी स्टिक, सुट्या लेन्स आणि फिल्टरची डबी खालीच ठेवा.

एवढं कमी का, याचं कारण हिशोबात आहे. सफरीचं हेलिकॉप्टर १०० नॉटने, म्हणजे ताशी १८५ किलोमीटरने उडत असेल तर ते सेकंदाला ५१ मीटर पुढे सरकतं. लेन्स बदलायला तीस सेकंद लागले तर तेवढ्यात दीड किलोमीटरचा देखावा मागे पडलेला असतो. शिवाय मांडीवर उघडी बॉडी, हातात दोन लेन्स, कुठेतरी मागचं झाकण आणि खालून सतत थरथर, अशा अवस्थेत काही ना काही निसटतंच. दार उघडं असेल तर निसटलेली वस्तू कुठे जाईल याचा नेम नसतो. म्हणून कॅमेऱ्याची सगळी तयारी जमिनीवर संपवायची आणि वर फक्त फोटो काढायचे.

बुकिंग करताना काय विचारायचं

हेलिकॉप्टर कुठलं आहे हे आधी विचारा, कारण बाकीचं बरंच त्यावर ठरतं. रॉबिन्सन आर४४ मध्ये पायलटसोबत तीन प्रवासी बसतात आणि तिघांनाही आपापली खिडकी मिळते. बेल २०६ मध्ये मागे तिघं बसतात, मधल्याला खिडकी नसते. एअरबस एच१२५ मध्ये मागच्या ओळीत चौघं असतात. मधल्या दोघांच्या फोटोंत शेजाऱ्याचा खांदा आणि हेडसेट येणार हे धरून चाला. यांत पायलट बहुधा उजवीकडे बसतो. एच१३० मध्ये मात्र तो डावीकडे असतो, म्हणून पुढची उजवी खिडकी प्रवाशाच्या वाट्याला येते.

पुढची सीट सगळ्यांना हवी असते. समोरचा उघडा देखावा आणि पायांजवळच्या काचेतून दिसणारी जमीन हा अनुभव मोठाच आहे. पण स्थिर फोटोंसाठी मागची कडेची सीट मला जास्त उपयोगी वाटते. समोरची काच फार वळलेली असते, तिच्यात डॅशबोर्ड आणि स्वतःचे गुडघे उमटतात. दाराची काच त्यामानाने सपाट असते आणि हेलिकॉप्टर त्या बाजूला कललं की जमीन थेट समोर येते.

मात्र मागितलेली सीट मिळतेच असं नाही. हेलिकॉप्टरमध्ये कोण कुठे बसेल हे वजनाच्या समतोलावरून ठरतं आणि त्यात पायलटचा शब्द शेवटचा असतो. बऱ्याच ठिकाणी खिडकीची सीट जास्त पैसे भरून राखून ठेवता येते, ते आधीच विचारा. वजन सांगताना कॅमेऱ्यासकट सांगा. फुल फ्रेम बॉडी आणि २४–७० एफ/२.८ मिळून दीड-पावणेदोन किलो होतं, दुसरी बॉडी आणि ७०–२०० म्हणजे आणखी दोन किलोंच्या वर. निघण्यापूर्वी काट्यावर उभं करतात, तेव्हा सांगितलेल्यापेक्षा वजन जास्त भरलं तर सगळ्यांच्याच सीटची फेरमांडणी होते.

मार्ग कुठल्या दिशेने फिरतो आणि मुख्य ठिकाण कुठल्या बाजूला येतं, हेही विचारून घ्या. हेलिकॉप्टर एखाद्या ठिकाणाभोवती घिरटी घेतं तेव्हा वळणाच्या आतल्या बाजूला बसलेल्याला ते ठिकाण दिसतं, बाहेरच्या बाजूच्याला आकाश. काही सफरी दोन्ही बाजूंना न्याय मिळावा म्हणून एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून फिरतात, सगळ्या नाही.

याशिवाय दारं लावलेली असतील की काढलेली, दाराला छोटी उघडणारी खिडकी आहे का, किती मोठा कॅमेरा चालतो, दुसरी बॉडी चालते का, पट्टा त्यांचा असतो की आपला, आणि हवाई फोटोवर बंदी असलेला भाग मार्गात आहे का, हेही विचारा. बंदीच्या भागाबद्दल पायलट सांगेल ते निमूट ऐकायचं.

बॅग आत नेऊ देतो असं कोणी म्हटलं तरी ती सीटखाली सारण्याआधी थांबा. आर४४ च्या सीटखाली सामानाचा कप्पा असतो, पण जोरात आदळून उतरावं लागलं तर माणसाचा कणा वाचावा म्हणून ती सीट खाली दबेल अशीच बनवलेली आहे. तिच्याखाली कॅमेरा किंवा लेन्ससारखी कठीण वस्तू असली तर सीट दबणार नाही आणि धक्का थेट पाठीला बसेल. मऊ जॅकेट ठेवायला तो कप्पा चांगला. पुढच्या सीटवर बसणाऱ्याने तर पायांपाशी काहीच ठेवू नये. तिथे पायलटची पॅडलं आणि हाताची नियंत्रणं असतात, आणि एखादा पट्टा त्यांत अडकला तर पायलटला तो लगेच दिसेलही असं नाही.

काचेआडून फोटो काढताना

बहुतेक सफरी दारं लावून होतात. खिडकीची काच ही खरी काच नसून ॲक्रिलिक असते आणि बहुतेक अडचणी तिथूनच सुरू होतात. ॲक्रिलिक मऊ असतं, त्यावर ओरखडे चटकन पडतात. म्हणून धातूचा किंवा कडक प्लॅस्टिकचा हूड (लेन्सच्या टोकावरचा, बाजूचा उजेड अडवणारा भाग) काचेला टेकवायचा नाही. डाग दिसला तरी कागदी रुमालाने किंवा घरच्या काच पुसायच्या द्रवाने पुसायचं नाही. अमोनिया असलेल्या द्रवाने ॲक्रिलिकला बारीक तडे जातात. डाग मोठा असेल तर चढण्यापूर्वी पायलटला सांगा, त्यांच्याकडे योग्य द्रव आणि कापड असतं.

प्रतिबिंब हा यातला सगळ्यात मोठा त्रास. त्यावरचा उपाय कपड्यांपासून सुरू होतो: काळा किंवा गडद निळा, पूर्ण बाह्यांचा शर्ट. पांढरा शर्ट घातला तर प्रत्येक फोटोत फिकट पांढरा पडदा दिसेल, आणि तो नंतर संगणकावर नीट निघत नाही. चकचकीत घड्याळ काढून ठेवा, कॅमेऱ्याचा मागचा स्क्रीन बंद करून व्ह्यूफाइंडर वापरा आणि फोकससाठी लागणारा मदतीचा दिवा मेनूतून बंद करा. फ्लॅश तर बंदच हवा. काचेवरून उलटून येणारा प्रकाश फोटो बिघडवतो आणि पायलटचे डोळे दिपवतो.

लेन्स काचेपासून दोन-तीन सेंटीमीटरवर धरा, टेकवू नका. काच यंत्रासोबत थरथरते आणि टेकवलेली लेन्स ती थरथर जशीच्या तशी घेते. मऊ रबराचा किंवा सिलिकॉनचा हूड असेल तर तो हलकेच टेकवता येतो, कारण रबर बरीचशी थरथर गिळतं. हूड नसेल तर डाव्या हाताचा तळवा लेन्सच्या टोकाभोवती वाटीसारखा धरा. त्यानेही बाजूचा उजेड अडतो.

पोलरायझर, म्हणजे चमक कमी करणारा फिल्टर, याबद्दल सल्ला नेहमीपेक्षा उलट आहे: काचेआड तो काढून ठेवा. वळवलेल्या ॲक्रिलिकमध्ये ताण गोठलेला असतो आणि पोलरायझरमधून तो इंद्रधनुषी पट्ट्यांच्या रूपात दिसतो. त्यात दीड ते दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा होणं) प्रकाश जातो तो वेगळाच, आणि हेलिकॉप्टर वळलं की त्याचा परिणामही बदलतो. चमकणारं पाणी शांत करायचं असेल आणि दार उघडं असेल तरच त्याचा विचार करावा.

काचेला कधी हलकी निळसर किंवा हिरवट छटा असते. रॉ फॉरमॅटमध्ये (सेन्सरची मूळ, प्रक्रिया न केलेली फाइल) काढा आणि व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगछटेची सेटिंग, एकाच ठिकाणी, उदाहरणार्थ उन्हावर, पक्का ठेवा. छटा मग सगळ्या फोटोंत सारखी राहते आणि एकदाच दुरुस्त करून सगळ्यांना लावता येते. ऑटोवर ठेवलं तर प्रत्येक फोटोचा रंग वेगळा येतो आणि दुरुस्तीचं काम कितीतरी पटीने वाढतं.

दारं काढलेली असतील तर

फोटोसाठी याहून चांगली सोय नाही: काच नाही, प्रतिबिंब नाही. पण इथे नियम एकच आणि तो बिनअपवाद पाळायचा: अंगावर किंवा कॅमेऱ्यावर सुटी होऊ शकेल अशी एकही वस्तू नको. केबिनमधून उडालेली वस्तू वाऱ्यासोबत मागे जाते आणि मागे शेपटीचा रोटर फिरत असतो. लेन्सचं झाकण किंवा टोपीसुद्धा त्याला इजा करू शकते, आणि तो रोटर बिघडला तर हेलिकॉप्टर सरळ ठेवणंच अवघड होतं.

म्हणून कॅमेरा हातात घेऊन एकेक भाग तपासा. पाकळीच्या आकाराचा हूड वाऱ्याच्या झोताने फिरून निघतो, तो काढा. पुढचं झाकण खाली ठेवा. फ्लॅश बसवायच्या खाचेवरचं छोटं प्लॅस्टिक काढा, हे हमखास विसरलं जातं. व्ह्यूफाइंडरचं रबर ढिलं असेल तर काढा, नाहीतर चिकटपट्टीने बसवा. फिल्टर आटे घट्ट लावून वर पट्टीचे दोन तुकडे लावा. त्याहून बरं म्हणजे फिल्टरच नको. चुंबकाने चिकटणारे फिल्टर अजिबात नकोत. बॅटरीचं आणि कार्डाचं झाकण ढिलं वाटत असेल तर त्यावरही पट्टी लावा. पट्टी गॅफर टेप प्रकारची हवी, जी काढल्यावर गोंद मागे ठेवत नाही. पट्ट्याची लोंबणारी टोकंही त्याच टेपने बांधून टाका, कारण वाऱ्यात ती गालावर फटके मारतात आणि नेमकी लेन्ससमोर येतात.

स्वतःकडेही तसंच पाहा. टोपी, स्कार्फ, ओढणी नको. केस घट्ट बांधा. चष्म्याला मागून दोरी लावा. खिसे चेनचे हवेत, नाहीतर रिकामे. फोन वर काढायचा असेल तर तोही दोरीने बांधलेला हवा.

कॅमेरा आणि कोपर दाराच्या चौकटीच्या आतच ठेवा. चौकटीबाहेर गेलं की वाऱ्याचा पूर्ण झोत लेन्सवर बसतो, ७०–२०० सारखी लांब लेन्स हातातून फिरवली जाते आणि फोटोही हलतो. आत दहा-पंधरा सेंटीमीटर राहिलं तरी दृश्य जवळपास तेवढंच मिळतं.

थंडीचा अंदाज बहुतेकांचा चुकतो. उंची हजार मीटरने वाढली की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, आणि वर ताशी शंभरहून जास्त वेगाचा वारा. पाच-सात मिनिटांत बोटं बधिर होतात आणि बटणं कळेनाशी होतात. वारा अडवणारं जॅकेट आणि बोटांचा स्पर्श कळेल असे पातळ हातमोजे घाला. जाड हातमोजे घालून डायल फिरवता येत नाही.

पट्टा कसा बांधायचा

याला मी मुद्दाम जास्त जागा देतो आहे, कारण कॅमेरा पडू नये म्हणून बांधलेला पट्टा माणसाच्या जिवावर येऊ शकतो.

११ मार्च २०१८ रोजी न्यूयॉर्कच्या ईस्ट रिव्हरमध्ये उघड्या दारांनी फोटो-सफर करणारं एएस३५० बी२ हेलिकॉप्टर उतरवावं लागलं. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या तपासात निघालं की एका प्रवाशाच्या हार्नेसची (अंगाला बांधायच्या सुरक्षा पट्ट्यांची) दोरी जमिनीलगतच्या इंधन बंद करायच्या दांड्यात अडकली, दांडा ओढला गेला आणि इंजिन बंद पडलं. पाण्यावर उतरल्यावर हेलिकॉप्टर उलटलं. पायलट बाहेर पडला. पाचही प्रवाशांना ते हार्नेस स्वतःहून सोडवता आले नाहीत आणि ते बुडाले.

यातून कॅमेऱ्यासाठी तीन नियम निघतात. पहिला, पट्टा आखूड ठेवा. कॅमेरा डोळ्यापासून मांडीपर्यंत यावा, त्याखाली लोंबू नये. लांब वळसा पायांपाशी पडला की तो नियंत्रणांत किंवा दाराच्या कडीत अडकतो. दुसरा, पट्टा सीट बेल्टच्या बकलवरून जायला नको. बसल्यावर आधी बेल्ट लावा, मग कॅमेरा घ्या आणि न पाहता, एका हाताने बकल सापडतं का ते करून पाहा. तिसरा, कॅमेऱ्याचा पट्टा एका ओढीत सुटला पाहिजे. झटकन सुटणारे क्लिप असलेले पट्टे मिळतात, ते इथे योग्य. पिळून लावायच्या कॅराबिनरने (गिर्यारोहक वापरतात तशा कडीने) कॅमेरा छातीच्या हार्नेसला जखडून टाकणं मला पटत नाही, कंपनीने स्वतः तशी व्यवस्था केली असेल आणि सोडवायची पद्धत तुमच्या हातांनी करून घेतली असेल तरच ते करा. हार्नेस कंपनीचा असेल तर तो कुठून आणि कशाने सुटतो हे जमिनीवरच दोनदा करून पाहा. सोडवायला कापायचं साधन लागतं असं कोणी सांगितलं तर त्या सफरीचा फेरविचार करा.

गळ्यातला पट्टा आणि मनगटाचा पट्टा यांत मी दारं बंद असताना मनगटाचा निवडेन. गळ्यातला पट्टा हेडसेटच्या वायरीत गुंततो आणि मान वळवली की माइक तोंडापासून दूर ओढला जातो. पाण्यावरच्या सफरीत लाइफ जॅकेट देतात. पट्टा त्याच्यावरून हवा, खालून नको, म्हणजे जॅकेट फुगलं तरी तो गळ्याला आवळणार नाही. आणि उतरून पळायची वेळ आली तर कॅमेरा तिथेच सोडायचा हे आधीच मनाशी ठरवून ठेवा.

शटर, अपर्चर, फोकस

फोटो हलण्याची दोन कारणं असतात: हेलिकॉप्टरचा पुढे जाण्याचा वेग आणि यंत्राची थरथर. पहिल्याचा हिशोब मांडता येतो. ३०० मीटर अंतरावरचं दृश्य, २४ मेगापिक्सेलचा फुल फ्रेम कॅमेरा, वेग सेकंदाला ५१ मीटर. २४ मिमीला फ्रेममध्ये ४५० मीटर रुंदी मावते, म्हणजे एका पिक्सेलमध्ये साडेसात सेंटीमीटर जमीन. १/१००० सेकंदात हेलिकॉप्टर पाच सेंटीमीटर सरकतं, म्हणजे एक पिक्सेलही नाही. ७० मिमीला तेच दोन पिक्सेल होतं. २०० मिमीला फ्रेममध्ये फक्त ५४ मीटर मावतात आणि १/१००० ला साडेपाच पिक्सेलचा पुसटपणा येतो, जो स्पष्ट दिसतो.

थरथर याच्यावर भर घालते. आर४४ चा मुख्य रोटर मिनिटाला साधारण ४०० फेरे घेतो आणि त्याला दोन पाती आहेत, म्हणजे सेकंदाला तेराएक धक्के. इंजिनाचे बारीक धक्के वेगळे. म्हणून रुंद लेन्सला १/१०००, ७० मिमीच्या आसपास १/१२५० ते १/१६०० आणि २०० मिमीला १/२००० किंवा त्याहून जलद ठेवा. २४ मिमीला स्टॅबिलायझेशनसह (हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारी सोय) १/५०० वर चांगले फोटो येतात, पण गरज नसताना तिथे जाऊ नका.

हा वेग मिळवायला अपर्चर, म्हणजे लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र, मोठं ठेवायला घाबरू नका; ‘एफ/’ पुढचा आकडा जितका लहान तितकं ते मोठं. जमिनीवर देखाव्यासाठी एफ/११ ची सवय असते, इथे ती सोडा. सगळंच दूर असतं, फोकसच्या खोलीची गरज नसते. एफ/४ किंवा एफ/५.६ पुरे. भर उन्हात एफ/५.६ आणि आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) २०० ला १/१६०० मिळतो. मॅन्युअल मोडमध्ये शटर आणि अपर्चर पक्कं करून आयएसओ ऑटोवर सोडा, वरची मर्यादा ३२०० ठेवा. सूर्य, सावली आणि पाणी क्षणाक्षणाला बदलत असताना हे सगळ्यात बिनघोर चालतं. ढग किंवा बर्फ फ्रेममध्ये भरपूर असेल तर कॅमेरा फोटो काळपट काढतो, तेव्हा एक्स्पोजर अर्धा ते एक स्टॉप वाढवा.

फोकससाठी ऑटोफोकस ठीक, पण तो कधीकधी काचेवरच्या ओरखड्यावर जाऊन बसतो. मधला एकच बिंदू वापरा आणि दूरची ठळक कड पकडा. २४ ते ७० मिमीमध्ये दूरवर फोकस करून तो मॅन्युअलवर पक्का करणंही चालतं, कारण ७० मिमी, एफ/४ ला अनंतावर फोकस असताना चाळीसएक मीटरपलीकडचं सगळं स्पष्ट येतं. २०० मिमीला मात्र तेच अंतर ३३० मीटरच्या पुढे जातं, म्हणून तिथे ऑटोफोकसच हवा. पक्का करताना दोन फसगती लक्षात ठेवा. रिंग अनंताच्या टोकापर्यंत नेली की अनेक लेन्स अनंताच्याही पलीकडे जातात, म्हणून दूरच्या वस्तूवर ऑटोफोकस करून मगच मॅन्युअलला न्या. दुसरं, बऱ्याच झूममध्ये मिमी बदललं की फोकस सरकतो. मिररलेसच्या अनेक लेन्समध्ये रिंग मोटरला फक्त इशारा देते, तिच्यावर टेप लावून काही पक्कं होत नाही, आणि कॅमेरा बंद करून चालू केला की फोकस मूळ जागी परततो. अशा कॅमेऱ्यावर प्रत्येक वेळी चालू केल्यावर तपासा.

स्टॅबिलायझेशन चालू ठेवा. निकॉनच्या लेन्सवर ‘ॲक्टिव्ह’ अशी खूण असेल तर ती चालत्या वाहनातून फोटो काढण्यासाठीच आहे. शटर मेकॅनिकल ठेवा. सायलंट किंवा इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये सेन्सर वरून खाली हळूहळू वाचला जातो, तेवढ्यात थरथर येऊन जाते आणि सरळ इमारत लाटेसारखी वाकते. पात्यांचंही तसंच, ती केळ्यासारखी दिसतात.

कॅमेरा धरायची पद्धत सोपी आहे: कोपरं अंगाला, पाठ सीटपासून किंचित सुटी, चौकटीला किंवा दाराला कशाचाही आधार नाही. शरीराचा मऊपणाच इथे धक्के झेलतो. म्हणूनच ट्रायपॉड आणि मोनोपॉड इथे नुकसान करतात, ते धक्के थेट कॅमेऱ्यात आणून सोडतात. फोन चौकटीला क्लॅम्पने बसवायचा मोहही आवरा. इंजिनाच्या तीव्र कंपनांनी कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझेशन बिघडू शकतं असा इशारा ॲपलने २०२१ मध्ये मोटरसायकलवर बसवलेल्या आयफोनबाबत दिला होता.

फ्रेमच्या वरच्या कडेला रोटरचं पातं येत असेल तर कॅमेरा जरा खाली झुकवा किंवा मिमी वाढवा. १६–३५ सारख्या लेन्सचा इथे म्हणूनच फारसा उपयोग नाही, तिच्यात पातं, स्किड (हेलिकॉप्टर जमिनीवर ज्यावर टेकतं ते दांडे) आणि दार तिन्ही येतात. सूर्य वर असेल तर पात्याची सावलीही लेन्सवरून जाते आणि एखादा फोटो अचानक काळपट येतो. सेकंदाला तीन ते पाच अशा हळू बर्स्टमध्ये (बटण दाबून सलग) दोन-तीन फोटो काढले की त्यातला एक तरी सुटतो.

धुकटपणावर फिल्टरचा इलाज फारसा नाही. लेन्स जितकी लांब आणि नजर क्षितिजाकडे जितकी सरळ तितका तो जास्त. जमिनीकडे तीस-पंचेचाळीस अंश खाली पाहणारे फोटो स्पष्ट येतात. सकाळची सफर निवडा. हवा शांत असते, धक्के कमी बसतात आणि तिरप्या उन्हाने उंचसखलपणा उठून दिसतो.

संध्याकाळनंतरची सफर असेल तर हिशोब बदलतो. एफ/२.८ चा झूम किंवा ३५ मिमी एफ/१.८ सारखी लेन्स, शटर १/१२५ ते १/२५०, आयएसओ ३२०० ते ६४००. लांब लेन्स विसरा. काचेत पायलटचे दिवे दिसतील, तेव्हा काळं कापड लेन्सभोवती धरायला हवंच.

व्हिडिओ आणि ॲक्शन कॅमेरा

एकाच सफरीत दोन्ही करायला गेलं की दोन्ही अर्धवट होतात, म्हणून आधी ठरवा. व्हिडिओ करायचाच असेल तर सेकंदाला ५० किंवा ६० फ्रेम, शटर १/१०० ते १/१२५, आणि एकेक शॉट निदान दहा सेकंद न हलवता. गिंबल (मोटरने कॅमेरा स्थिर धरणारं साधन) बंद दारांत चालतो, उघड्या दारात वारा त्याच्या मोटरवर मात करतो. कॅमेऱ्याच्या माइकवर इंजिनाच्या आवाजाशिवाय काही येत नाही. ॲक्शन कॅमेरा छातीच्या पट्ट्यावर लावायला बहुधा मुभा असते, पण सक्शन कपने काचेला चिकटवायचा किंवा बाहेरच्या बाजूला बसवायचा नाही. बाहेर काही बसवायचं म्हटलं की रीतसर मान्यता लागते. पुढे बसलात तर चुंबकाचे माउंट आणि झाकणं डॅशबोर्डच्या होकायंत्राजवळ नेऊ नका, त्याची सुई हलते. कॅमेऱ्याचं वायफाय आणि ब्लूटूथ बंद, फोन विमान मोडवर.

चढताना आणि उतरताना

आदल्या दिवशी कार्ड फॉरमॅट करा. वीस मिनिटांत आठशे फोटो झाले आणि एक रॉ फाइल ३० एमबीची धरली तर २४ जीबी होतात, ६४ जीबीचं कार्ड पुरतं. बॅटरी एक पुरे.

थंड एसी गाडीतून दमट उन्हात उतरलात तर लेन्सवर दव धरतं, आणि ते जायला सफरीचा अर्धा वेळ जाऊ शकतो. बॅग बंद ठेवूनच वीस-तीस मिनिटं आधी बाहेरच्या हवेत राहू द्या.

रोटर फिरत असताना चढावं लागलं तर कर्मचारी इशारा करेपर्यंत जागेवरून हलू नका. पायलटला दिसाल असे पुढून किंवा बाजूने जा, मागे शेपटीकडे कधीच नाही. जमीन उताराची असेल तर खालच्या बाजूने जा, वरच्या बाजूला पाती जमिनीच्या जवळ येतात. कॅमेरा छातीशी धरा, खांद्यावर किंवा डोक्याच्या वर काही नको. रोटरच्या वाऱ्याने वाळू आणि खडे उडतात, त्यामुळे आत बसेपर्यंत लेन्स अंगाकडे वळवलेली ठेवा. उघड्या दारांच्या सफरीत झाकण सोबत नसतं, म्हणून हे विसरू नका.

बसल्यावर पायलट सूचना देत असेल तेव्हा कॅमेरा मांडीवर ठेवा आणि ऐका. उड्डाण आणि उतरण या दोन्ही वेळी इंटरकॉमवर गप्प राहा, पायलटचं रेडिओवर बोलणं चालू असतं. मध्ये मात्र ‘जरा सावकाश जाता येईल का’ किंवा ‘उजवीकडून एक वळसा मिळेल का’ हे नम्रपणे विचारायला हरकत नाही. पायलट शक्य असेल तर करतो, नसेल तर नाही म्हणतो. इतर प्रवाशांनीही पैसे भरलेले आहेत, तेव्हा दुसऱ्यांदा आग्रह करू नका.

उतरल्यावर कॅमेरा पुन्हा छातीशी धरून, ज्या वाटेने आलात त्याच वाटेने बाहेर या. रोटरपासून दूर आल्यावर झाकण लावा, लेन्स आणि बॉडीचा जोड ढिला झाला नाही ना ते पाहा, आणि थरथरीने सैल झालेले स्क्रू असतील तर आवळा. लेन्सवर धूळ बसली असेल तर आधी फुंकणीने उडवा, मग कापड लावा.